लिमाय नदीच्या दोन काठांवर

अर्जेंटिनाच्या पश्चिमेला, अँडीज पर्वताच्या पायथ्याशी, नाऊएल उआपी नावाचं मोठं सरोवर आहे. त्यातून लिमाय नदी निघते आणि नेउकेन व रिओ नेग्रो या दोन प्रांतांची हद्द आखत पुढे जाते. पर्वताकडून येणारा पाऊस इथवर येईतो संपत आलेला असतो. मग सुरू होतात पॅटागोनियाची वाऱ्याने झोडपलेली माळरानं. तिथे खुरटी झुडपं, टोचरं गवत आणि मधूनमधून पाण्याच्या आधाराने हिरवी राहिलेली ओलसर कुरणं दिसतात. या माळाखाली बिळांचं जाळं पसरलेलं आहे आणि त्यात तुको-तुको नावाचा कुरतडणारा प्राणी राहतो.

वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास. शेपूट आखूड, डोळे डोक्यावर उंच बसवलेले, मान जवळपास नाहीच. पुढचे दात मात्र लक्षात राहतात, गडद नारिंगी आणि ओठांच्या बाहेर आलेले. पंजांनी माती उकरताना कठीण मुळी आडवी आली की तो तिला दातांनी तोडतो. ओठ दातांच्या मागे मिटत असल्यामुळे तोंडात माती जात नाही. मागच्या पायांच्या बोटांवर राठ केसांची रांग असते, तिने तो अंगावरची माती झाडतो. बिळातून जमिनीवर ऐकू येणाऱ्या त्याच्या आवाजावरून त्याला हे नाव पडलं. बीगल जहाजावरच्या प्रवासात चार्ल्स डार्विनने उरुग्वेतल्या माल्दोनादोला हा आवाज ऐकला आणि त्याचं वर्णन लिहून ठेवलं. पुढे ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्येही, जमिनीखाली राहणाऱ्या प्राण्यांच्या डोळ्यांचं काय होतं हे सांगताना, त्याने तुको-तुकोचा दाखला दिला.

तुको-तुकोच्या आजवर साठाहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि त्या सगळ्या दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण भागात आहेत. दिसायला त्या एकमेकींच्या इतक्या जवळच्या की अनेकदा कवटी हातात घेऊनही खात्री देता येत नाही. गुणसूत्रांची संख्या मात्र बोलिव्हियातल्या एका जातीत 10, तर दुसऱ्या टोकाच्या जातींत 70. एकाच कुळातल्या इतक्या जवळच्या भावंडांमध्ये एवढी तफावत सस्तन प्राण्यांत फार क्वचित आढळते. ती कशी आली असावी याचं उत्तर त्यांच्या राहणीत शोधावं लागतं. बीळ खणणारा प्राणी लांब जात नाही. मऊ माती जिथे संपते तिथे त्याचं जगही संपतं. मधे खडक आला, नदी आली किंवा कोरडा पट्टा आला की अलीकडचे अलीकडे आणि पलीकडचे पलीकडे राहतात. अशा लहान, तुटक वस्त्यांत एखादा नवा बदल निव्वळ योगायोगाने सगळ्यांत पसरू शकतो. मोठ्या, मिसळत्या समूहात तोच बदल बहुधा विरून गेला असता.

या योगायोगाला जनुकीय अपवाह म्हणतात. समूहातल्या जनुकांचं प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या कसं आणि का बदलतं याचा अभ्यास करणारं शास्त्र म्हणजे समष्टी जनुकशास्त्र, आणि अपवाह ही त्यातली अगदी पायाभूत कल्पना. प्रत्येक पिल्लू आईच्या जनुकांपैकी निम्मी आणि बापाच्या जनुकांपैकी निम्मी घेतं. कोणती निम्मी, ते दैवावर. समूह लाखोंचा असेल तर हे दैव सरासरीत बुडून जातं. समूह तीस-चाळीसांचा असेल तर मात्र एखाद्या पिढीत एखादं जनुकरूप कुणाच्याच वाट्याला येत नाही आणि ते त्या समूहातून कायमचं जातं. ते वाईट होतं म्हणून गेलं असं नाही. त्याची पाळी आली नाही, एवढंच.

लिमायच्या दोन काठांवर या प्रक्रियेचा एक विलक्षण नैसर्गिक प्रयोग मांडलेला आहे. रिओ नेग्रोच्या बाजूला टीनोमिस हायगी ही जात राहते. तुको-तुकोंच्या बहुतेक जातींप्रमाणे ही एकटी राहणारी आहे. प्रत्येकाचं बीळ वेगळं, आणि शेजाऱ्याशी संबंध विणीच्या हंगामापुरता. नेउकेनच्या बाजूला टीनोमिस सोशियाबिलिस राहते. ऑलिव्हर पियरसन आणि मिगेल क्रिस्टी यांनी 1985 मध्ये तिची शास्त्रीय नोंद केली. नावातच सुचवल्याप्रमाणे ही समूहाने राहते. एका बिळात एक ते सहा प्रौढ माद्या आणि साधारणपणे एकच प्रौढ नर असतो. गवताने मऊ केलेल्या एकाच घरट्यात सगळ्यांची पिल्लं एकत्र वाढतात. हायगी दक्षिणेला चुबुत प्रांतापर्यंत पसरलेली आहे. सोशियाबिलिसचा सगळा मुलूख मात्र आपल्याकडच्या एखाद-दुसऱ्या तालुक्याएवढा.

बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आयलीन लेसी यांनी 1990 च्या दशकापासून या दोन्ही जातींवर काम केलं. प्राणी पकडायचे, खुणा करायच्या, ऊतीचा अगदी लहान तुकडा घेऊन त्यांना परत त्यांच्याच बिळात सोडायचं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा यायचं. या नेमाने केलेल्या कामातून सोशियाबिलिसच्या घराची घडण उलगडली. मादी जन्मल्या बिळातच राहते, निदान ज्या माद्या समूहात राहतात त्या तरी तिथेच वाढलेल्या असतात. काही तरुण माद्या बाहेर पडून स्वतःचं वेगळं बीळ थाटतात. नर मात्र बाहेरून आलेला असतो. म्हणजे एका बिळातल्या माद्या आजी, आई, मावशी, बहीण अशा नात्याच्या, आणि त्या सगळ्यांच्या पिल्लांचा बाप बहुतेक वेळा एकच. लेसींना आणखी एक गोष्ट दिसली आणि ती मला या प्राण्याच्या सामाजिकतेतली सर्वांत विचार करायला लावणारी वाटते. समूहात राहणाऱ्या मादीमागे जगणारी पिल्लं एकटीने संसार थाटणाऱ्या मादीपेक्षा कमी असतात. एकत्र राहणं फायद्याचं असेलच असं आपण गृहीत धरतो. इथे तसं दिसत नाही.

आता या घरगुती मांडणीचा जनुकांच्या हिशेबावर काय परिणाम होतो ते पाहू. समजा एका कुरणात दहा बिळं आहेत आणि प्रत्येकात चार माद्या व एक नर. प्रौढ प्राणी झाले पन्नास. पण पुढच्या पिढीतली निम्मी जनुकं फक्त दहा नरांकडून येणार. नर आणि मादी यांची संख्या इतकी विषम असली की शास्त्रज्ञ ‘परिणामकारक संख्या’ काढतात. नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या, त्याची चौपट, आणि भागिले दोन्हींची बेरीज. म्हणजे 4 गुणिले 10 गुणिले 40, भागिले 50. उत्तर येतं 32. डोळ्यांना पन्नास प्राणी दिसतात, पण अपवाहाच्या दृष्टीने ते बत्तीसच आहेत. परिणामकारक संख्या 32 असेल तर दर पिढीला विविधतेचा 64 वा हिस्सा, म्हणजे दीड टक्क्याहून थोडा जास्त, गळून जातो. दीड टक्का किरकोळ वाटतो. पण तुको-तुकोची पिढी लहान असते आणि मादी वर्षातून एकदा विते. बाहेरून कुणीच आलं नाही तर पन्नास पिढ्यांत त्या कुरणातली निम्म्याहून अधिक विविधता नाहीशी होईल. लोक प्राण्यांची शिरगणती करतात आणि आकडा स्थिर आहे म्हणून समाधान मानतात. त्या आकड्याखाली ही गळती चालू असू शकते.

प्रयोगशाळेत दोन्ही जातींच्या ऊती तपासल्या तेव्हा फरक ठळक दिसला. गुणसूत्रांवर काही ठिकाणी दोन-चार अक्षरांचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा येतो. या जागांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. किती वेळा येतो हे प्राण्यागणिक बदलतं, म्हणून नाती आणि विविधता मोजायला त्या सोयीच्या. हायगीमध्ये या जागांवर भरपूर वैविध्य होतं, सोशियाबिलिसमध्ये फारच कमी. मायटोकाँड्रियातला डीएनए पाहिला, तर तिथेही सोशियाबिलिसचे प्राणी जवळजवळ एकसारखे निघाले.

पहिलं सुचणारं स्पष्टीकरण म्हणजे वर केलेला हिशेब. समूहाने राहतात, नर कमी, मुली माहेरीच, म्हणून विविधता कमी. हे स्पष्टीकरण इतकं सरळ आहे की तिथेच थांबावंसं वाटतं. पण आज दिसणारी तीच स्थिती वेगळ्या इतिहासातूनही येऊ शकते. पूर्वी कधीतरी सगळी जातच मरता मरता वाचली असेल आणि आजचे प्राणी त्या मूठभर वाचलेल्यांचे वंशज असतील. संख्येच्या अशा अचानक आकुंचनाला बॉटलनेक म्हणतात. आजचे नमुने कितीही बारकाईने तपासले तरी या दोन शक्यता एकमेकींपासून सोडवणं कठीण असतं. त्यासाठी पूर्वीचे प्राणी हवेत.

ते मिळाले, आणि त्याचं श्रेय घुबडांना आणि इतर शिकारी पक्ष्यांना द्यावं लागतं. घुबड उंदराएवढा प्राणी जवळपास अख्खा गिळतं आणि न पचलेली हाडं, दात व केस गोळीच्या रूपात ओकून टाकतं. नाऊएल उआपीच्या उत्तरेला त्राफुलच्या बाजूला गुहा आहेत. त्यांत हजारो वर्षं पक्षी बसत आले आणि त्यांच्या आसनाखाली हाडांचे थर साचत गेले. कोरड्या, थंड हवेने ती हाडं टिकवली. ऑलिव्हर आणि अनिता पियरसन या दांपत्याने त्राफुलच्या गुहेतल्या या लहान सस्तन प्राण्यांच्या अवशेषांचा अभ्यास आधीच केला होता. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एलिझाबेथ हॅडली आणि त्यांच्या विद्यार्थिनी इव्हॉन चॅन यांनी लेसींसोबत याच प्रदेशातल्या हाडांतून डीएनए काढायचं ठरवलं. सर्वांत जुने नमुने सुमारे 10,000 वर्षांपूर्वीचे होते.

मायटोकाँड्रियाचा डीएनए इथे का उपयोगी पडतो, ते आडनावांवरून चटकन कळतं. गावात वीस आडनावं असतील आणि एखाद्या घराण्यात सगळ्या मुलीच झाल्या, तर ते आडनाव त्या गावातून पुसलं जातं, माणसं जिवंत असूनही. मायटोकाँड्रियाचा वारसा याच पद्धतीने पण उलट्या बाजूने चालतो, आईकडून लेकीकडे. मुलाला तो मिळतो, पण तो पुढे देत नाही. सोशियाबिलिसच्या एका बिळातल्या सगळ्या माद्या एकाच आडनावाच्या. एक बीळ ओस पडलं की एक घराणं संपण्याची भीती. जुन्या हाडांत अशी किती ‘आडनावं’ होती आणि आज किती उरली, हे मोजलं की इतिहास उघड होतो.

हॅडली, चॅन आणि लेसी यांच्या 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधाचा निष्कर्ष स्पष्ट होता. गुहांच्या खालच्या थरांत, म्हणजे जुन्या काळात, वैविध्य बरंच होतं. वरच्या थरांकडे येताना ते ओसरत गेलं. पुढच्याच वर्षी चॅन आणि सहकाऱ्यांनी संगणकावर या जातीचे हजारो काल्पनिक इतिहास चालवून पाहिले. कधी घसरण लवकर, कधी उशिरा, कधी सौम्य, कधी भयंकर. प्रत्येक इतिहासातून जो डीएनए उरेल तो खऱ्या हाडांतल्या डीएनएशी ताडून पाहायचा आणि जुळणारे इतिहास ठेवायचे. जुळलेल्या इतिहासांनी जे सांगितलं ते असं: सुमारे 2,900 वर्षांपूर्वी प्रजननक्षम माद्यांची परिणामकारक संख्या 95 हजारांच्या घरातून 300 च्याही खाली आली. 99.7 टक्के घट.

असे आकडे अंदाजाचे असतात आणि दोन्ही बाजूंना मोठी मोकळीक ठेवून वाचायचे असतात. तरी घसरणीचा आवाका त्यातून लपत नाही. तिची वेळही महत्त्वाची आहे. पॅटागोनियात मेंढ्या आल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. तीन हजार वर्षांपूर्वी त्या खोऱ्यात शिकार करून जगणाऱ्या माणसांच्या टोळ्या होत्या, पण नांगर नव्हता, कुंपण नव्हतं, गुरं नव्हती. त्या सुमारास तिथलं पर्यावरण बदलत होतं आणि जवळचे ज्वालामुखी अधूनमधून राख टाकत होते. ओलसर कुरणांवर अवलंबून असलेल्या जातीला हे बदल जड गेले असणार. एखादी जात आज संकटात दिसली की आपण तिच्या दैन्याचा सगळा दोष लगेच अलीकडच्या काळावर टाकतो. सोशियाबिलिसच्या बाबतीत मोठा घाव माणसाने घातलेला नाही. यातून आजच्या माणसाची जबाबदारी कमी होत नाही. उलट, जिच्याकडे शिल्लकच थोडी आहे तिला आजचा छोटा धक्काही मोठा.

त्याआधीच आलेली आणखी एक माहिती या चित्रात आशेची छटा भरते. रोगजंतू ओळखण्याचं काम करणाऱ्या जनुकांचा एक गट आहे, त्याला एमएचसी म्हणतात. या जनुकांत जितकं वैविध्य, तितक्या वेगवेगळ्या जंतूंची ओळख पटते. लेसी आणि टीना हॅम्बुक यांनी 2002 मध्ये दाखवलं की इतर जागांवर विविधता इतकी घटलेली असूनही सोशियाबिलिसमध्ये एमएचसीवर विविधता टिकवणाऱ्या नैसर्गिक निवडीचा दाब हायगीपेक्षा जास्त आहे. एकाच घरट्यात दाटीने राहणाऱ्यांना परजीवींचा धोका अधिक, म्हणून हे पटण्याजोगं आहे. अपवाह सगळीकडून विविधता काढून नेत होता, तरी जिथे जगण्या-मरण्याचा प्रश्न होता तिथे निवडीने काही राखून ठेवलं.

4 जून 2011 रोजी सरहद्दीपलीकडे चिलीमध्ये पुयेउए-कोर्दोन काउये या ज्वालामुखी समूहाचा उद्रेक झाला. वारा पूर्वेकडे वाहत होता. हिवाळ्याच्या तोंडावर राख अर्जेंटिनाच्या बाजूला आली. बारिलोचे शहर, सरोवर, माळ, कुरणं, सगळं करड्या राखेखाली गेलं. गवत खाऊन जगणाऱ्याला ही राख दुहेरी मारते. चारा झाकला जातो, आणि जो हाती लागतो त्यावरचे काचेसारखे कण दात झिजवतात. दोन्ही काठांवरचे तुको-तुको घटले.

लेसींच्या जवळ उद्रेकाआधीचे नमुने होते. वर्षानुवर्षं शिस्तीने साठवलेल्या ऊती. उद्रेकानंतर त्यांनी पुन्हा नमुने घेतले. एखाद्या नैसर्गिक आपत्तीच्या आधीचे आणि लगेच नंतरचे, त्याच जागचे, त्याच जातींचे नमुने हाती असणं जंगली प्राण्यांच्या अभ्यासात फार दुर्मीळ. मायक्रोसॅटेलाइट तपासले, तर कोड्यात टाकणारं उत्तर आलं. हायगीमध्ये काहीच फरक नाही. सोशियाबिलिसमध्ये विविधता चक्क वाढलेली.

संख्या घटली आणि विविधता वाढली, हे कसं? आजूबाजूच्या कुरणांतून नवे प्राणी आले असतील, असं म्हणता येतं. पण दुसरी शंका मोजमापाविषयी होती. मायक्रोसॅटेलाइटच्या जागा थोड्या असतात. थोड्या जागांवरचं मोजमाप योगायोगाने इकडे किंवा तिकडे झुकू शकतं. म्हणून नव्या गटाने जनुकसंचातल्या दोन हजारांहून अधिक जागा निवडल्या, ज्यांवर निवडीचा थेट दाब नसावा अशा, आणि दोन्ही जातींत आधीचे व नंतरचे नमुने वाचले. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेलं उत्तर आधीच्या उत्तराला छेद देणारं होतं. दोन्ही जातींत विविधता घटली होती. घट लहान होती, पण निःसंशय होती.

या गटात उमा रामकृष्णन होत्या. त्यांनी हॅडलींच्या प्रयोगशाळेत काम केलं होतं आणि पुढे बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात, म्हणजे एनसीबीएसमध्ये, भारतीय वाघांच्या जनुकशास्त्राचा मोठा अभ्यास उभारला. त्यांच्या चमूने 2013 मध्ये संग्रहालयांत जपलेल्या शिकारीच्या काळातल्या वाघांच्या अवशेषांतून डीएनए काढला आणि आजच्या वाघांशी ताडून पाहिला. जुन्या वाघांतले मातृवंशाचे बहुतेक नमुने आजच्या वाघांत सापडले नाहीत. त्राफुलच्या गुहेत घुबडांनी जे काम केलं, ते वाघाच्या बाबतीत शिकाऱ्यांच्या ट्रॉफ्यांनी केलं. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1911 मध्ये खानदेशापासून सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली. त्या पाहणीत नेमाने गोळा केलेल्या उंदीर-घुशींच्या कातड्या आणि कवट्या मला याच कारणाने मौल्यवान वाटतात. गोळा करणाऱ्यांना डीएनए हा शब्दही माहीत नव्हता, तरी शंभर वर्षांपूर्वीचं वैविध्य मोजायला तेवढंच हाती आहे. कमी जागा तपासून ‘विविधता शाबूत’ असा शेरा मारलेले जुने अहवालही, तुको-तुकोच्या या उदाहरणानंतर, नव्या पद्धतीने पुन्हा पाहायला हवेत.

2011 च्या राखेने दोन्ही काठांवर घेतलेला वाटा लहान असला तरी त्याची भरपाई दोन्ही काठांवर सारखी होणार नाही. गेलेली विविधता परत येण्याचे मार्ग दोनच. एक, उत्परिवर्तन. डीएनएच्या एखाद्या ठरावीक अक्षरात एका पिढीत बदल होण्याची शक्यता कोटींत एक अशा मापाची असते, त्यामुळे हा मार्ग हजारो पिढ्यांचा. दुसरा मार्ग शेजारच्या समूहांतून येणाऱ्या प्राण्यांचा. हायगीचा मुलूख दक्षिणेकडे लांबवर पसरलेला आहे. राख न पडलेल्या भागातली विविधता बिळाबिळाने सरकत, दशकांमागून दशकं घेत का होईना, लिमायच्या काठाशी येऊ शकते. सोशियाबिलिसचा सगळा मुलूख त्याच खोऱ्यात आहे. जी राख एका कुरणावर पडली ती तिच्या बाकीच्या कुरणांवरही पडली. तिच्या जातीचे प्राणी दुसरीकडे कुठेच नाहीत, त्यामुळे जे मिळायचं ते नेउकेनच्या त्या तुटक ओल्या कुरणांतूनच, एका कुरणातून दुसऱ्या कुरणात जाणाऱ्या एखाद्या तरुण नराकडून.